दुर्बिणीपुढचा दोरा

(दुबई, करामा, १९९७. शुक्रवारची दुपार. खैरुद्दीन शिकारी बंदुकांच्या दुकानात कारागीर आहे. बंदूक दुकानातच कुलूपबंद. तिची दुर्बीण तेवढी बैठकीसकट जेवणाच्या टेबलावर. पत्नी जहांआरा बाल्कनीच्या दारात.)

जहांआरा : सुट्टीच्या दिवशीसुद्धा हे घरी आणायचं?

खैरुद्दीन : दुकानात मॅनेजर मुनीर डोक्यावर उभा असतो. घरी हात शांत चालतो. तू तेवढा दोरा टांग. खाली वजन बांध, म्हणजे सरळ लोंबेल.

जहांआरा : बत्ता बांधते. पण कशासाठी?

खैरुद्दीन : दुर्बिणीच्या आत फुलीसारख्या रेघा असतात. उभी रेघ दोऱ्याशी जुळली की ती सरळ बसली. तिरकी राहिली, तर लांबचा नेम चुकतो. दोन गिऱ्हाइकं परत आली. दुकानाचे मालक, अरबाब म्हणाले, तिसरं आलं तर व्हिसा खलास.

जहांआरा : आणि मला आज सांगताय?

खैरुद्दीन : बोलू नकोस, बघू दे. हां, दिसला दोरा. रेघ बरोब्बर त्याच्यावर आली. आता स्क्रू आवळतो.

जहांआरा : अहो… दोरा अजून माझ्या हातात आहे.

खैरुद्दीन : (दुर्बिणीवरून डोळा काढून स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवतो.)

जहांआरा : कधीपासून?

खैरुद्दीन : रमजानपासून. समोर नुसतं धुकं. वाटलं, इतक्या वर्षांची सवय आहे, हात सांभाळून घेतील.

जहांआरा : आणि मी समजत होते, माझ्याकडे बघायचंच सोडलंत.

खैरुद्दीन : वेडी आहेस. जिन्यात तुझी चप्पल वाजली तरी मला कळतं, आज दमून आलीस का ते.

जहांआरा : उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येणार बरोबर. आणि अरबाबांना खरं सांगायचं.

खैरुद्दीन : त्यांनी काढून टाकलं तर?

जहांआरा : तर गावी, हर्णैला जाऊ. भावाच्या होडीवर हिशेब लिहीन मी, तुम्ही जाळी विणा. सरका आता, बसू द्या मला.

खैरुद्दीन : तू?

जहांआरा : हात तुमचे चांगले आहेत ना? हा बांधला दोरा. मी बघते, तुम्ही दुर्बीण फिरवा. किंचित डावीकडे. जास्त झालं, मागे या. हां… रेघ दोऱ्याआड लपली. आवळा.

खैरुद्दीन : आवळली. अजून डोळा लावूनच आहेस?

जहांआरा : केवढं जवळ दिसतं हो. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी काढतेय.

खैरुद्दीन : कुठल्या रंगाच्या?

जहांआरा : एक पिवळी. दुसरी निळी असावी, विटलीय.

खैरुद्दीन : सांगत राहा. सावकाश सांग.