अठ्ठावीस रोजे

सुलास्त्री: ठेव ती परात खाली! अशा दिवसांत जड उचलायचं नसतं.

वेनिंग: कशा दिवसांत, आई?

सुलास्त्री: सासूशी कसली लाजतेस? आमच्या घरातला तुझा पहिला रमजान, अठ्ठावीस रोजे झाले, एकही सुटला नाही. पाळीत बाईला रोजे सोडावेच लागतात. माझं वय झालं, माझे सुटत नाहीत. तुझे का सुटू नयेत? बोटं मोजता येतात हो मला.

वेनिंग: अहो आई! कुणाला सांगितलंत?

सुलास्त्री: छे, कुणालाच नाही. फक्त शेजारच्या दार्मीला.

वेनिंग: म्हणजे अख्ख्या क्लातेन गावाला!

सुलास्त्री: झबलंसुद्धा दिलंय तिनं.

वेनिंग: मी गरोदर नाही, आई. सहा महिने पाळीच आलेली नाही. पीसीओएस आहे मला, अंडाशयाचा आजार, लग्नाआधीपासून. तुमच्या बागसला ठाऊक आहे. तुम्हाला सांगू नको, असं मीच त्याला बजावलं. वजन त्यामुळेच वाढतंय. हनुवटीवर केस येतात, बागसचा वस्तरा मीच बोथट करते.

सुलास्त्री: आणि मी त्याच्यावर खेकसते, चार केसांची दाढी तुझी, वस्तरे किती आणतोस!

वेनिंग: न्हाणीघरात पाणी वाया घालवते म्हणून माझ्यावरही खेकसता. नळ सोडून रडत असते मी.

(सुलास्त्री केतुपातसाठी, ईदच्या भाताच्या पुड्यांसाठी, विणत असलेली नारळाची पाती खाली ठेवते.)

सुलास्त्री: रोज?

वेनिंग: बहुतेक रोज. सकाळी उठावंसंच वाटत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार मनालाही लागतो. गोळ्या दिल्यात, ईदनंतर दर आठवड्याला बोलायला बोलावलंय. मला वाटलं, कळलं तर तुम्ही माहेरी धाडाल.

सुलास्त्री: माहेरी? मग भात शिजवायच्या या शंभर पुड्या कोण विणणार, तुझा नवरा?

वेनिंग: हसवू नका ना!

सुलास्त्री: मूल होईल?

वेनिंग: उपचारांनी होतं बऱ्याच जणींना. नाहीही होणार कदाचित.

सुलास्त्री: होईल तेव्हा होईल. नाही तर तू आहेसच. त्या बाईंकडे मी येते सोबत. बाहेर बसेन, कान लावणार नाही.

वेनिंग: लावालच.

सुलास्त्री: थोडासा.

वेनिंग: आणि दार्मीबाईंना काय सांगणार?

सुलास्त्री: म्हातारी मोजायला चुकली, म्हणून सांगते. बरं, ईदच्या रश्श्याला उद्या दोन किलो कांदे चिरायचेत. रडायचं तर इथं माझ्याशेजारी बसून रड. मीही रडणारच आहे.