सकाळी मालक, संध्याकाळी पुतण्या

मी कलावती मारुती घाग, वय ५९, विधवा (परवापासून), काम घरकाम, शिक्षण गावच्या शाळेत सातवी, राहणार मोहने, कल्याण. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष येऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी आणि माझे पती मारुती, वय ६४, दोघंच राहायचो. बाथरूममध्ये गॅसवरचा गिझर आहे. दिवाळीनंतर तो चालता चालता मधेच बंद पडायला लागला. निळी ज्योत पिवळी झाली, वरची भिंत काळी पडली. आंघोळ करून आलं की डोकं धरायचं. मी मालकांना (म्हणजे पतींना) म्हणाले, मेकॅनिकला बोलवा. ते म्हणाले, "मेकॅनिक येऊन करतो काय? मोबाईलवर बघितलंय मी. दोन वायरी जोडल्या की झालं." मी म्हणाले, "आमच्या गावच्या बंबाला कधी मोबाईल बघावा लागला नाही." ते हसले. वायरी जोडल्या. मग गिझर बंद पडला नाही. कबुतरं येतात म्हणून बाथरूमची खिडकीही त्यांनीच थर्माकोलने बुजवलेली.

मंगळवारी सकाळी मालक आंघोळीला गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी दार वाजवून म्हणाले, "नवरदेव, झालं का न्हाणं?" उत्तर नाही. शेजारचे गोविंदा म्हात्रे यांनी कडी तोडली. मालक खाली पडलेले. पाणी चालूच होतं. जवळच्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला, तसा दाखला दिला. चेहरा लाल होता. मी बायकांना म्हणाले, लग्नातही एवढे लाल दिसले नव्हते. मला गप्प बसवलं.

दुपारी अंत्यविधी झाला. स्मशानातून आलेली माणसं रिवाजाप्रमाणे आंघोळीला गेली, एकामागोमाग एक, त्याच बाथरूममध्ये. मधे कोणी गिझर बंद केला नाही. गोविंदा बाहेर येऊन म्हणाले, डोकं जड झालंय. माझे दीर हरिहर म्हणाले, रडल्याने होतं. गोविंदांना रडताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी संध्याकाळी दिरांचा मुलगा सूरज, वय २६, राहणार माजिवडा, आत गेला आणि आला नाही. कडी सकाळीच तुटलेली, म्हणून दार लगेच उघडलं.

तो हॉस्पिटलात आहे. अजून बोलत नाही. दीर तिथे सगळ्यांसमोर म्हणाले, "आधी दादाला खाल्लंत, आता माझ्या पोराला." मी म्हणाले, "भाऊजी, तुमच्या दादाच्या अंगावर खाण्यासारखं होतं काय?"

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, गिझर नीट जळत नसला की गॅस साठतो, त्याला वास नसतो. घरात आधी कोणाला असं झालं का, विचारलं. मी सांगितलं, त्याच दिवशी सकाळी. चेहऱ्याचा रंग विचारला. तोही सांगितला. डॉक्टर म्हणाले, त्या गॅसने माणूस असाच लाल दिसतो. पोलिसांनी आणलेला मेकॅनिक म्हणाला, गिझर मधेच बंद होत होता तो आतल्या माणसाला वाचवायला. वायरी जोडल्या आणि ते थांबलं.

दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, दादाचं काढू नका. स्वतःच्या हाताने मेला म्हणतील लोक." मी म्हणाले, "आणि माझ्या पायगुणाने मेले म्हणतात, ते चालतं?" ते निघून गेले.

साहेबांचं म्हणणं, हा जबाब सूरजच्या घटनेपुरता आहे. मालकांचं दहन झालं, दाखला झाला, तपासायला काही उरलं नाही. तरी मी सांगते की माझे पती हार्ट अटॅकने नाही, त्या गिझरने गेले.

हवालदार मॅडमनी जबाब मला वाचून दाखवला. पहिल्यांदा वाचला तेव्हा वरचं शेवटचं वाक्य त्यात नव्हतं. ते घालायला लावलं, पुन्हा वाचून घेतला. आता मी सांगितला तसा आहे, म्हणून सही करते.