एक बाटली, पाद्रीसाठी

पेर्सिदा: नाही म्हणजे नाही, मिलादिन. काडेपेटी घे, मीठ घे, तो उंदराचा पिंजरा चार वर्षं पडून आहे तो घे. वाईन मिळायची नाही.

मिलादिन: वहिनी, मला प्यायची नाहीये. अकराला पाद्री येतोय. स्लावाच्या, कुळसंताच्या सणाच्या पावावर ओतायला चार थेंब लागतात. आज संत निकोलाचा दिवस, निम्म्या गावाचा कुळसंत तो. हे तुम्हाला मी सांगायचं?

पेर्सिदा: थांब, कागद काढते.

मिलादिन: कागद राहू दे.

पेर्सिदा: चष्मा कुठे ठेवला मी... हं. ‘मी मिलादिन, तुरुंगातून सुटून आलेला, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की या दुकानाने मला दारू विकू नये.’ खाली तुझी सही, माझी सही. कलम चार वाच.

मिलादिन: पाठ आहे.

पेर्सिदा: मग म्हण.

मिलादिन: ‘पाद्रीसाठी हवी, मयतासाठी हवी, गुडघ्याला चोळायला हवी, असं मी म्हणालो तरी विश्वास ठेवू नये.’

पेर्सिदा: पाद्री पहिलाच घातलायस.

मिलादिन: तेव्हा दारू सोडून चार वर्षं झाली होती. डोकं फार चालायचं.

पेर्सिदा: कलम पाच. ‘रडलो तर मुळीच देऊ नये.’

मिलादिन: मी रडत नाहीये.

पेर्सिदा: डोळे लाल आहेत.

मिलादिन: पहाटेपासून कांदा चिरतोय. उपासाचे दिवस, मटण चालत नाही, मग तीस माणसांचा घेवडा करायचा तर कांदा लागणारच. हात हुंगून बघा हवं तर.

पेर्सिदा: हुंगते. ...कांदाच आहे. पण इतकी वर्षं कसं निभायचं तुमचं?

मिलादिन: आपले म्हातारे पाद्री स्वतःची वाईन आणायचे. औषधाच्या बाटलीत, झग्याच्या खिशात. ओतून झाली की परत खिशात. त्यांना काय, सगळं माहीत. ते यंदा तापाने पडलेत आणि बदलीवर एक कोवळा पाठवलाय. सकाळी फोनवर म्हणाला, वाईन यजमानाच्याच घरची हवी. मी म्हटलं, द्राक्षाचा रस चालेल का? तर म्हणे, मग पावाऐवजी बिस्किटं ठेवा.

पेर्सिदा: शेजारून माग की. स्तानोयेकडे पिंपभर आहे.

मिलादिन: सही त्यानेही केलीय. सुटून आलो तेव्हा गावातली बासष्ट घरं हिंडलो होतो मी कागद घेऊन. आज त्याच्या फाटकाशी गेलो, त्याने विचारलं काय हवंय, मी म्हटलं वाईन, आणि त्याने कुत्रा सोडला. त्याची काही चूक नाही. कुत्रा कलम सहात आहे.

पेर्सिदा: तुझ्या घरातल्या त्या रेशादला पाठवायचं. तो मुसलमान, जन्मात वाईनला शिवलेला नाही.

मिलादिन: पाठवला होता. अर्ध्या तासापूर्वी तुम्हीच परत पाठवलात.

पेर्सिदा: हो, कागदात ‘माझ्या घरातला कोणीही’ असं आहे. पण मग तो तुरुंगात कशासाठी गेला होता?

मिलादिन: गोळ्या. विकायचा, आणि उरल्या तर खायचा. धंदा असा बेताने करायचा की उरायच्याच. वहिनी, सव्वादहा झाले. पुढच्या गावी जाऊन यायचं तर या बर्फात दोन तास लागतील.

पेर्सिदा: मग यंदा नुसतं जेवा. पाव पुढच्या वर्षी कापा. संत निकोला कुठे जात नाहीत.

मिलादिन: यंदा यजमान तिहोमिर आहे.

पेर्सिदा: तो उंच, वाकून चालणारा?

मिलादिन: तोच. घरात आम्ही सुटून आलेले नऊ जण, रेशाद सोडला तर प्रत्येकाचा संत वेगळा. आठ स्लावा केल्या तर वर्षभर खातच बसू, म्हणून मतदान घेतलं. निकोला चार मतांनी आला. रेशादचंही मत त्यालाच. यजमानपणाची चिठ्ठी तिहोमिरच्या नावाची निघाली, तेव्हापासून तो झोपलेला नाही. पाव त्याने स्वतः भाजलाय. पहिले दोन जळले, ते डुकरांना घातले, डुकरांनीही खाल्ले नाहीत. आणि आज त्याची मुलगी येणार आहे. आठ वर्षांनी.

पेर्सिदा: येते म्हणालीय?

मिलादिन: ‘बघते’ म्हणालीय. आता तिच्यासमोर पाद्री पाव न कापता निघून गेला, तर तिहोमिर संध्याकाळपर्यंत पिशवी भरेल. आधी स्टेशन, मग स्टेशनासमोरचा बार, मग परत आत. दोनदा जाऊन आलाय. तिसऱ्यांदा गेला तर त्या वयाचा माणूस बाहेर येत नाही.

पेर्सिदा: एका पावावरून?

मिलादिन: मी एकदा बुटाची नाडी तुटली म्हणून आठवडाभर प्यालो होतो.

(दाराची घंटा वाजते. खांद्यावर प्रवासी पिशवी घेतलेली एक तरुण मुलगी आत येते.)

मुलगी: नमस्कार. एका स्लावाला जायचंय, रिकाम्या हाताने कसं जाणार? ती वरच्या फळीवरची लाल वाईन द्याल का?

पेर्सिदा: कोणाकडे जायचंय?

मुलगी: इथे ते घर आहे ना, सुटून आलेल्या लोकांचं. दारुड्यांचं.

मिलादिन: दारुडे सहाच आहेत. बाकी तिघांचं वेगळं.

पेर्सिदा: त्या घरात वाईन जात नाही, पोरी.

मुलगी: असं कोणी ठरवलं?

पेर्सिदा: घराच्या मालकाने. हा काय, तुझ्या शेजारी उभा आहे.

मुलगी: मग त्यांनाच विचारते. काका, चालेल ना?

मिलादिन: चालेल.

पेर्सिदा: याचं ऐकायचं नाही, असं यानेच लिहून दिलंय.

मुलगी: ...काकू, परतीची बस अकरा वीसला आहे ना? नको मग. मी काय करतेय तेच मला कळत नाहीये. आठ वर्षांनी बापाला भेटायला निघाले आणि त्याला न्यायला काय सुचावं, तर वाईन. मी थांब्यावर बसते. त्यांना सांगा, बस चुकली म्हणून.

मिलादिन: तू नेवेना.

नेवेना: तुम्ही कसं ओळखलंत?

मिलादिन: आमच्या फ्रिजवर फोटो आहे तुझा. त्यात तुला पुढचे दात नाहीत, पण बाकी तूच.

नेवेना: दुसरा फोटो त्यांच्याकडे नाहीच. तुमच्या घरातून किती जण बरे होऊन गेले, काका? खरं सांगा.

मिलादिन: सुटलो तेव्हा बापाच्या घरात एकटा राहिलो असतो तर आठवड्यात प्यालो असतो, म्हणून एकाला ठेवून घेतला. तो पळू नये म्हणून दुसरा. असे नऊ वर्षांत एकतीस झाले. एकोणीस अजून सरळ आहेत. दोन मेले. बाकीचे अधूनमधून फोन करतात, बहुधा आतून. तुझा बाप चौदा महिने टिकलाय.

नेवेना: चौदा महिने म्हणतात ते. तपासलंत का कोणी? मी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या बाटल्या मोरीत ओतत आलेय. पाण्याच्या टाकीत असायची, गमबुटात असायची. एकदा अकॉर्डियनमध्ये सापडली. मामाच्या लग्नात ते अकॉर्डियन वाजवत होते आणि आतून खळखळ ऐकू येत होतं.

मिलादिन: वहिनी, ऐकलंत? अशी बाई आमच्याकडे आजवर नव्हती. पाद्रीला वाईन हवीय, ही ती धरून उभी राहील. ही माझ्या घरातली नाही, कागदात बसत नाही.

पेर्सिदा: कागदाचं काय घेऊन बसलास. कागद नसता तरी तुला दिली नसती.

मिलादिन: का बरं?

पेर्सिदा: त्या दिवशी तू त्याच फळीवरची मागितली होतीस. आधीच झुलत होतास. मला दिसत होतं, तरी दिली. दोन तासांनी तू ट्रॅक्टरसकट या भिंतीतून आत आलास आणि माझा नवरा रादिशा इथे साखर जोखत होता.

मिलादिन: पाय मी मोडला त्याचा, वहिनी. शिक्षाही मी भोगली, चार वर्षं.

पेर्सिदा: तुला निदान झाली. मला साक्षीला बोलावलं आणि विचारलं काय, तर ट्रॅक्टरचा रंग कोणता. मी म्हटलं हिरवा. जा म्हणाले.

मिलादिन: रादिशाने तर कधी तुम्हाला बोल लावला नाही. उलट म्हणायचा, तुझ्यामुळे दुकानाला खिडकी मिळाली, नाहीतर पेर्सिदाने जन्मात पाडू दिली नसती.

पेर्सिदा: कधी म्हणायचा?

मिलादिन: तुरुंगात यायचा ना भेटायला. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, काठी टेकत.

पेर्सिदा: पहिल्या मंगळवारी तो डॉक्टरकडे जायचा.

मिलादिन: ...मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. सुटल्यावर घरात एकटा राहू नकोस, हेही त्यानेच सांगितलं होतं.

पेर्सिदा: चार वर्षं मी त्या डॉक्टरला शिव्या घातल्या, की पायात काडीचा फरक नाही म्हणून. आणि मला सांगायला काय झालं होतं? मरेपर्यंत बोलला नाही. ...नेवेना, ती तिपाई घे आणि बाटली काढ. ती नको, तिच्या शेजारची. पाद्री कोवळा असला तरी जीभ असेल त्याला.

मिलादिन: शेजारचीच बरी. मला वाईनची नावं विचारू नका, सगळी आठवतात.

पेर्सिदा: हे बघ पोरी, बाटली तुझ्या हातात राहील. याच्या नाही, तुझ्या बापाच्या नाही, कोणाच्याच नाही. पाद्रीने ओतली की बूच.

नेवेना: आणि उरलेली मोरीत. मोरी कुठे आहे तेवढं दाखवा.

पेर्सिदा: मीही येते. दुकान बंद करते तासभर. घेवड्यात मीठ घातलंयस का?

मिलादिन: पुरुषांनी केलेला घेवडा आहे, वहिनी. मीठ तिघांनी घातलंय. चला, तिहोमिर केव्हाचा फाटकाशी उभा आहे.

नेवेना: या थंडीत?

मिलादिन: यजमानाने स्लावाच्या दिवशी बसायचं नसतं ना. सकाळी सहापासून उभा आहे.

नेवेना: पाहुणे आले की उभं राहायचं असतं, काका. सहाला कोण पाहुणे येतात?

मिलादिन: तेच विचारलं मी. म्हणाला, बस एखादे वेळी लवकर येते.

पेर्सिदा: चाळीस वर्षं त्या थांब्यासमोर दुकान आहे माझं. ती एकदाही लवकर आलेली नाही.

मिलादिन: तेही सांगितलं त्याला.