आधी काळीज बघा

आधी मीराताईचं नाव लिहा, माझं मागून लिहिलं तरी चालंल. औरंगाबादच्या ज्या दवाखान्यात माझं डायलिसिस चालतं तिथं त्या सिस्टर हायेत, माहेर गोरेगावचं, आपल्या सेनगावकडचं. पहिल्या दिवशी मला मशीनवर घेतलं तवा मी नुसतं म्हणलं, सुई एवढी जाड काहून, तर त्या हसल्याच, म्हणल्या काहून म्हणणारं माणूस लई दिसांनी भेटलं, गाव कोणतं भाऊ तुमचं. म्हणलं डोंगरकडा. मंग केळीवालेच की तुमी, म्हणल्या. तवापासून मी त्यांना ताई म्हणतो. आज तुमच्यापुढं बसून बोलून राहिलो ते त्यांच्यामुळं, बाकी झालं काय ते मला अजून पुरतं उमगलं न्हाई, तुमाला उमगलं तर मला सांगा.

माझा बाप मेंढरं राखायचा. मी चौथीत असताना त्याचा पाय सडला, मेंढरामागं मी गेलो, शाळा तिथंच राहिली. पुढं मेंढरंबी सरली, मंग केळीच्या तोडीवर लागलो. घड तोडायचा, खांद्यावर घ्यायचा, बागेतल्या चिखलातून ट्रकपर्यंत न्यायचा, परत यायचं, दुसरा घ्यायचा, जवानी सगळी त्यातच गेली. म्हणून म्हणतो, माझं काळीज बिघडलं असं कोणी सांगितलं तर मला पटावं कसं.

सुरुवात पायापासून झाली. संध्याकाळी पाय सुजायचे, सकाळी तोंड सुजायचं. नांदेडच्या डॉक्टरनं बीपी बघितलं, रक्त बघितलं, म्हणले लई दिसाचं बीपी हाय, दोन्ही किडन्या गेल्या. म्हणलं सायेब, मला तर कधी दुखलंबी न्हाई. म्हणले तीच तर तकलीफ हाय, ही दुखत न्हाई. तवा तिथं मशीनवर नंबर लागंना, औरंगाबादला मेव्हणा कंपनीत होता, म्हणून मी अन् कौसल्या, म्हंजे माझी बायको, त्याच्या पत्र्याच्या खोलीत येऊन राहिलो. लेकरं गावी मायजवळ ठेवली. मशीनसाठी डाव्या हाताच्या नसा जोडल्या, तर त्या हातात घरघर सुरू झाली, मांजर बसल्यावाणी. कौसल्येला म्हणलं, हात लावून बघ, माझं काळीज हातात उतरलं. ती रडायलाच लागली. ताईला दाखवलं तर म्हणल्या, काळीज जागेवर हाय भाऊ, ही नस वाजतीय, वाजलीच पाहिजे, वाजायची थांबली तर पळत या. आता सांगा, अंगात वाजणं चांगलं का वाईट, माणसानं समजावं काय.

खाण्यापिण्याचंबी सांगितलं होतं म्हणतात. असंल सांगितलं. पण सुई काढल्यावर डोळ्यापुढं अंधारी यायची, माझ्या ध्यानात दोनच गोष्टी राहिल्या, मीठ कमी अन् पाणी कमी.

शिवरातीला लेकरांसाठी गावी आलो. औंढ्याला जायची ताकद नव्हती, म्हणून घरीच उपास धरला, म्हणलं नागनाथा, एवढ्यातून काढ. मीठ नको म्हणून अळणी रताळी खाल्ली, पाणी घोटभरच पिलो. भावानं झाडावर पिकलेली केळी आणली. चुलती म्हणली, आजारी माणसानं फळ खावं, पोटाला हलकं. मला तर वाटून राहिलं होतं की डॉक्टरपेक्षा कडक पथ्य मीच पाळलं.

दुसऱ्या दिवशी उठलो तर पाय माझे न्हाईतच, दुसऱ्याचे उसने आणल्यावाणी. माय म्हणली उपासाचा अशक्तपणा हाय. कौसल्येनं हातात केळं दिलं, म्हणली खाऊन घ्या, तरतरी येईल. ते तसंच हातात धरून, भावाच्या खांद्याला टेकून मी एसटीडीवर गेलो, वार्डात सांगावं की एक दिवस उशिरा येतो. फोन नेमका ताईनं उचलला. म्हणल्या पाय कसे हायेत. म्हणलं जड. काल खाल्लं काय. काही न्हाई ताई, उपास होता. उपासाला काय खाल्लं. रताळी, केळी. केळी किती. म्हणलं ताई, आमी केळीवाले, मोजून खातो का. मंग म्हणल्या, आत्ता हातात काय हाय. म्हणलं केळं. ठेवा खाली. ठेवलं. म्हणल्या इकडं येऊ नका, वाटंतच राहाल, नांदेड जवळ हाय, आत्ताच जीप करा, अन् गेल्या गेल्या सांगायचं, किडनीचा पेशंट हाय, उपासाला केळी खाल्ली, आधी काळीज बघा. म्हणा माझ्यामागं. म्हणलं. परत म्हणा. बूथवाला माझ्याकडं बघून राहिला. म्हणलं ताई, जड पाय झाले, काळीज काहून बघायचं. म्हणल्या, भांडण मंग करा, जीपमधे बसा.

जीपमधे मी तेच म्हणत गेलो, माझी जीभ जड झाली तवा कौसल्या म्हणत गेली. नांदेडला मला बघून सलाईनची तयारी चालली होती, उपाशी माणूस म्हणून. कौसल्या मधी उभी राहिली, किडनीचा पेशंट हाय, केळी खाल्ली, आधी काळीज बघा. छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती बघून डॉक्टर पळायलाच लागले. इंजेक्शनं दिली, मंग मशीनवर घेतलं. नंतर मोठे डॉक्टर म्हणले, केळ्यातला, रताळ्यातला क्षार किडनी बाहेर टाकती, तुमची टाकत न्हाई, तो रक्तात साचला की काळजाचा ठोका चुकतो, थांबतोबी. अन् म्हणले, किडनीचे लई पेशंट शेवटी काळजानंच जातात, तुमचंबी बीपीनं जाड झालंय. म्हणलं, एवढं वझं वाहिलं, जाड म्हंजे मजबूत न्हाई का. न्हाई म्हणले. जिथं दुखतं तिथं आजार न्हाई, ज्या केळीनं घर चालवलं तिच्यानंच जीव चालला होता, अन् नागनाथानं मला उपासात घातलं का फोनपाशी नेलं, माझं डोकं चालत न्हाई.

आता औरंगाबादलाच हाव, माझ्या वाटचा उपासबी कौसल्याच धरती. छातीत जरा धडधडलं की मी मशीनवरून ताईकडं बघतो, त्या लांबूनच हात हलवतात, मंग बरं वाटतं. ताईला कधी काही देता आलं न्हाई. पण भावानं बांधाकडंला माझ्या नावानं केळीची दोन रोपं लावलीत. त्याचा पहिला घड गोरेगावला, ताईच्या मायच्या दारात न्यायचा हाय. नस जोडलेल्या हातानं वझं उचलू देत न्हाईत, अन् मला त्यातलं एक केळंबी खाता येणार न्हाई. घड कौसल्या उचलंल. पण तोडायला आला का न्हाई ते बोटानं दाबून मीच बघीन, अन् ती मागून येईल तवा गोरेगावच्या रस्त्यानं पुढं मीच चालंन.