बागांच्या वस्तीची घरपट्टी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या ऐन सल्लूम गावच्या नगराध्यक्षा लल्ला वसीला, प्रांताच्या कचेरीतून घाट चढून आलेले वित्त संचालक सी अब्दुल्वाहिद, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते मुख्याधिकारी सी लझहर, सीदी बूअलींच्या दर्ग्याची राखण करणाऱ्या, साऱ्या गावाच्या मावशी खालती मबरूका, नगरपालिकेतले माझे सहकारी, आणि समोर खुर्च्यांवर, चटयांवर, खिडक्यांच्या कठड्यांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो आणि वडीलधाऱ्यांनो, सर्वांना माझा सलाम.

मला एका प्रश्नाचं उत्तर येत नाही. तिथूनच सुरुवात करते.

वसुली विभागातल्या नोकरीच्या मुलाखतीला मी सी लझहर यांच्यासमोर बसले होते. सूसच्या विद्यापीठातून पदवी घेऊन आलेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. आईने प्रमाणपत्र कापडात गुंडाळून दिलं होतं, ते मी मांडीवर धरून होते. त्यांनी ते पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, "जाझिया, ज्या गावाकडे कर भरण्यासारखं काही नाही, त्या गावानं मदत हवी असेल तर आधी कर भरून दाखवावा, हा न्याय कुठला?"

मी सरकारच्या समतोल निधीचं वाटपाचं सूत्र सांगू लागले. ते म्हणाले, "सूत्र मला पाठ आहे. उत्तर सांग."

मी प्रमाणपत्र घेऊन उठू लागले. त्यांनी नोकरी दिली. उत्तर मला आजही येत नाही, आणि आज मी ते त्यांच्याकडून मागणारही नाही, कारण ते बिचारे जाण्याच्या घाईत आहेत.

पुढे जाण्याआधी या गर्दीबद्दल मला दिलगिरी व्यक्त केली पाहिजे. दारातून आत येताना संचालक साहेब म्हणाले, "सी लझहर, एवढं प्रेम? माझी बदली झाली तेव्हा मला चहासुद्धा कोमट मिळाला होता." सी लझहर लाजले. पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे घोंगड्यांच्या वळकट्या रचल्या आहेत आणि मधल्या ओळीखाली कुणाच्या तरी कोंबड्या आहेत, तेही मला दिसतं आहे. लल्ला वसीला माझ्याकडे मघापासून डोळे वटारून पाहत आहेत. मी सगळं सांगणार आहे. तोवर पश्चिमेच्या खिडक्या कुणी उघडू नयेत एवढी विनंती. डोंगर दुपारपासून दिसेनासा झाला आहे, आणि वाऱ्याला जो वास येतो आहे तो कसला, हे इथल्या म्हाताऱ्यांना मी सांगायला नको.

सी लझहर आले तेव्हा या गावात काय होतं? नगरपालिकेचा एक ट्रॅक्टर होता, त्यात पोपटांनी घरटं केलं होतं असं लोक सांगतात. पोपट आपल्याकडे नाहीतच, पण ट्रॅक्टर चालत नव्हता एवढं खरं. रस्त्यावरचे दिवे फक्त मंत्री यायचे असले की लागत. आठवड्याच्या बाजाराच्या ठेक्याचा लिलाव व्हायचा आणि बोली लावायला एकच घराणं यायचं. डोंगरावर आपण कापतो ती हलफा, तिचे भारे वाहून आपल्या आयांच्या पाठी वाकल्या, पण ती विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या किनाऱ्यावर, म्हणून त्यांचा करही किनाऱ्यावर. गवत आमचं आणि दिवे त्यांचे, असं माझे बाबा म्हणायचे.

मग समतोल निधी. मागे राहिलेल्या गावांचा अनुशेष भरून काढायचा, म्हणून तो निर्माण झाला. त्याचा मोठा हिस्सा वाटला जातो तो गावाच्या घरपट्टीवर. यादीत घरं जास्त, वसुली चांगली, तर निधी जास्त. म्हणजे ज्याच्या ताटात आहे त्यालाच पुन्हा वाढायचं. संचालक साहेब, आपण मान हलवलीत, मी आभारी आहे.

सी लझहर वरच्या गावात दारोदार फिरले. आपल्याकडे घरपट्टीला सगळे कचऱ्याची पट्टी म्हणतात, त्यामुळे जो तो त्यांना एकच टोमणा मारायचा. "सी लझहर, आमच्याकडे टाकून द्यायला काही उरतं का? उरेल तेव्हा या." ते हसायचे, चहा प्यायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे.

आणि मग एके दिवशी त्यांनी खाली पाहिलं.

खाली आमची वस्ती होती. अवर्षणाच्या वर्षांत डोंगरावरून उतरलेली हलफा कापणारी माणसं शर्शारा नदीच्या पात्रात येऊन राहिली होती, कारण ती एकच सपाट जागा कुणाच्या मालकीची नव्हती. शर्शारेत तेव्हाही पाणी नव्हतं. होती ती कण्हेर, उन्हाळाभर गुलाबी. खालती मबरूकांनी माझ्या आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कण्हेर उगवते तिथं चूल मांडू नये, बाई. तिच्या मुळांना जे ठाऊक असतं ते आपल्याला नसतं." आई म्हणाली, "खालती, मग कुठं मांडू?"  खालती, असं बघू नका, मी आपल्याबद्दल चांगलंच बोलते आहे.

सी लझहर यांनी त्या वस्तीला नंबर द्यायचं ठरवलं. नदीपात्रातलं घर यादीत चढत नाही, म्हणून आधी वस्तीला नाव दिलं. हय्य जिनान, बागांची वस्ती. मग प्रत्येक दारावर घरनंबराची निळी पाटी लागली. आणि वरच्या गावाने जे कधी केलं नाही ते आम्ही केलं. आम्ही पट्टी भरली, रांगा लावून भरली. बाबांनी पहिली पावती लग्नाच्या फोटोशेजारी चौकटीत लावली. त्या पावतीवर विजेचं मीटर मिळालं, माझा शाळेचा दाखला मिळाला. आई दर शुक्रवारी दाराची पाटी ओल्या फडक्याने पुसायची. बाबा पाहुण्यांना सांगायचे, आम्ही आता पत्त्यावर राहतो.

यादी वाढली, वसुली वाढली, निधी आला. रस्त्यांवर दिवे लागले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई आल्या. दर्ग्याच्या टेकडीवरचं हे सभागृह त्याच पैशातून उभं राहिलं, आणि राजधानीत सी लझहर यांना गौरवचिन्ह मिळालं. मी आज मनापासून सांगते, हे सगळं त्यांनी स्वतःसाठी केलं नाही. त्यांचा कोट अजून तोच आहे. या गावाला कुणी काही देत नव्हतं, तेव्हा त्यांनी ते कायद्याच्या बोटांतून काढून आणलं. टाळ्या वाजवा, मी थांबते.

आता गुरुवारची गोष्ट.

प्रांताच्या कचेरीतून हवामानाचा इशारा आला. मळणीनंतर खळी धुणारा पहिला पाऊस यंदा पश्चिमेच्या डोंगरावर अतिशय मोठा होणार आहे, तरी नदीपात्रातल्या वस्त्या रिकाम्या कराव्यात, त्यांच्यासाठी उंचावरच्या सरकारी इमारती उघडाव्यात, आणि अशा वस्त्या कोणत्या ते तातडीने कळवावं. आमच्या कारकुनाने यादी पाहून उत्तर तयार केलं. अशी वस्ती नाही. त्याची काही चूक नव्हती. यादीत नदी नाहीच, बागा आहेत.

मी तो कागद घेऊन सी लझहर यांच्याकडे गेले. ते टेबलाचे खण रिकामे करत होते.  मग त्यांनी मला समजावलं की नदीपात्र असं लिहिलं तर घरं यादीतून जातील, यादीवर मिळालेला निधी सरकार परत मागेल, दिवे विझतील, डॉक्टरीणबाई जातील, आणि खालच्या माणसांची मीटरंही काढली जातील. ते खरंच होतं. नदी गेल्या कित्येक वर्षांत आली नाही, असंही ते म्हणाले.

मी विचारलं, "आणि आली तर?"

ते म्हणाले, "आली तर, देव करो आणि मी इथं नसो."

सी लझहर, आपण ते कोणत्या अर्थाने म्हणालात ते मी विचारत नाही. आपला चेहरा मी पाहिला होता. कठोर माणसाचा चेहरा तसा नसतो.

संध्याकाळी मी वस्तीत गेले आणि दारोदार सांगत फिरले. निघा, वर चला, नदी येणार आहे. लोकांनी मला पाणी दिलं, बसायला उशी दिली, आणि कुणी उठलं नाही. एक जण म्हणाला, शिकून पोरगी भित्री झाली. दुसऱ्याने विचारलं, घर सोडलं तर पट्टी माफ होईल का? शेवटी मी आमच्याच घरी गेले. बाबा दारात बसले होते. त्यांनी डोक्यावरच्या पाटीवर बोट ठेवलं.

"पोरी, सरकार नदीला नंबर देतं का?"

या गावात आजवर मी पुष्कळ हिशेब शिकले, पण हा हिशेब मला त्या दारात कळला. आम्ही त्यांच्याकडून पट्टी घेतली होती, आणि पट्टीबरोबर त्यांची भीतीही घेतली होती. कण्हेरीला पाहून जी माणसं पूर्वी आभाळाकडे बघायची, ती आता पाटीकडे बघत होती.

मग मी टेकडी चढून खालती मबरूकांकडे गेले. सीदी बूअलींच्या उरुसाची रीत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घरातलं प्रत्येक माणूस, तान्हं मूलसुद्धा, अंथरूण आणि पातेलं घेऊन वर येतं, आणि एकदा दर्ग्याचं कुस्कुस खाल्लं की पहाटेचा फातिहा होईपर्यंत कुणी टेकडी उतरत नाही. उतरला तर घरावर संताची नाराजी. सरकारचा शब्द मोडणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ही रीत मोडणारा अजून पाहिला नाही. मी खालतींना विचारलं, उरूस पुढच्या महिन्यात आहे, तो आजच्या समारंभावर आणता येईल का?

त्या म्हणाल्या, "संताला तारखेचं काय गं? तो काय नोकरीत आहे? आण सगळ्यांना. मी कुस्कुस शिजायला टाकते."

म्हणून ही गर्दी, संचालक साहेब. म्हणून घोंगड्या आणि कोंबड्या. सी लझहर, आपल्यावर या लोकांचं प्रेम आहेच, पण ते वळकट्या घेऊन आले ते त्यासाठी नाही. त्यांनाही हे आत्ताच कळतं आहे. माझ्या माणसांनो, मला माफ करा, मी तुम्हाला उरुसाचं सांगून वर आणलं. आणि कुस्कुस तुम्ही खाल्लेलं आहे.

उभं राहू नका, अम खमीस. बसा. आपली शेळी दर्ग्यामागे बांधली आहे, मी पाहिलं.

मला आता भाषण आटोपतं घ्यायला हवं, कारण खिडकीच्या काचा वाजू लागल्या आहेत. सी लझहर, आपल्याला किनाऱ्यावरच्या नव्या जागी आरोग्य आणि मान लाभो. आपला रस्ता मात्र शर्शारेच्या पुलावरून जातो, तेव्हा आपणही आज रात्री इथंच थांबावं, ही गावाची नव्हे, माझी विनंती आहे. आपण मला नोकरी दिलीत, काम शिकवलंत, आणि असा प्रश्न दिलात की तो मला आयुष्यभर पुरेल. मान्यवरांनी वेळ दिला, खालतींनी चुलाणं पेटवलं, त्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा मान कमी झाला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर वयाने लहान आहे असं समजून पोटात घाला.

एक गोष्ट मात्र पोटात घालायला सांगत नाही, ती फक्त कळवते.

नवे मुख्याधिकारी येईपर्यंत कालपासून पदभार माझ्याकडे आहे. कारकुनाने तयार केलेलं उत्तर मी पाठवलं नाही. आज सकाळी प्रांताच्या गाडीने दुसरं उत्तर गेलं. हय्य जिनान नावाची बाग नाही, ती शर्शारेचं पात्र आहे, आणि तिथं माणसं राहतात. त्यासोबत या वर्षाची घरपट्टीची यादीही गेली. तिच्यात ती वस्ती नाही. संचालक साहेब, आपण घाट चढत होतात तेव्हा ती गाडी घाट उतरत होती. त्या उत्तराच्या आधारावर या सभागृहाचं दार आज रात्रभर कायद्याने उघडं राहील. उद्यापासून त्याच उत्तराच्या आधारावर आपण निधी मागे घ्याल, दिवे कमी होतील, आणि लोक मला शिव्या देतील. या माणसांना उंचावर जमीन द्या असा अर्जही त्याच गाडीत आहे. तो कुणी वाचेल की नाही, मला माहीत नाही.

यादीतून पहिलं नाव मी अम्मार बिन सालिह हलफावाले यांचं काढलं. बाबा, तुम्ही तिसऱ्या ओळीत बसला आहात आणि माझ्याकडे पाहत नाही आहात. पाहू नका, पण ऐका. तुम्ही आणि आई वर यायला निघालात तेव्हा मी मागे थांबले ती कुलूप लावायला नाही. स्वयंपाकाच्या सुरीने मी दारावरचे स्क्रू काढले. पाटी इथं माझ्या पिशवीत आहे.