उकळत्या पाण्यातली पॉपी

लेक : आई, गॅस लाव! पटकन पाणी उकळायला ठेव!

आई : अगं, दोन तासांत माझं लग्न आहे, आणि तुला आत्ता चहा सुचतोय?

लेक : चहा कसला, फुलं! बादलीत बघ ना. पहाटे कापली तेव्हा कशी ताठ होती, आता सगळ्या पॉपींनी माना टाकल्यात!

आई : टाकणारच. पन्नाशीच्या बाईच्या हातात जायचंय म्हटल्यावर लाजली असतील बिचारी. राहू दे गं तो गुच्छ, मी हातात पर्स धरीन.

लेक : पर्स! अख्खी थंडी मी अंगणात वाकून बी पेरलं ते तुझ्या पर्ससाठी?

आई : मी सांगितलं होतं पेरायला?

लेक : नव्हतं. पण दाटीतली रोपं उपटायला गेले की “अगं, ही नको, ही किती गोड आहे” असं कोण म्हणायचं? तुझ्यामुळे वाटेच्या कडेचे सगळे लार्कस्पर एकमेकांना खेटून उभे आहेत!

आई : नाही उपटवत मला. आणि विषय बदलू नकोस. या वयात गुच्छ मिरवला तर लोक काय म्हणतील?

लेक : कोण लोक? मी, मावशी आणि खुद्द नवरदेव, आपले लायब्ररीवाले काका. संपली वरात!

आई : तुझी मावशी एकटी पुरेशी आहे.

लेक : उकळलं! सरक, सरक!

आई : अगं बाई, उकळत्या पाण्यात? फुलं आहेत ती, बटाटे नाहीत!

लेक : नुसती देठांची टोकं गं! कापल्यावर चीक येतो, त्याने देठाचं तोंड बंद होतं. चटका दिला की पाणी वर चढतं. झालं! आता गार पाण्यात. आता नुसतं बघायचं.

(बराच वेळ दोघी ओट्याला टेकून बादलीकडे बघत राहतात.)

आई : ए, ती लाल हलली.

लेक : वाऱ्याने असेल.

आई : खिडकी बंद आहे, वारा कुठला? अगं, उठतेय! मान वर काढतेय! ही पण! ती गुलाबी बघ, ती गुलाबी!

लेक : आई, हळू! कपडे भिजतील.

आई : भिजू देत! कशी बघतेय बघ माझ्याकडे, टवळी!

लेक : मग? धरशील ना गुच्छ?

आई : दोरा दे इकडे. तुला बांधता येत नाही, सैल ठेवतेस. ती कॉर्नफ्लॉवरची निळी फुलं कडेला घे. सगळी नको, एक राहू दे बाजूला.

लेक : एक कशाला?

आई : त्यांच्या शर्टाला काय लावणार मग?