मास्तरांच्या वहीतली एक ओळ

मास्तरांच्या शोकसभेला जमलेल्या मंडळींनो, मास्तरांच्या मीनावयनी, मला भाषण नाय येत. सही येते, तेवढीच. मधेच हसले तर रागवू नका. मास्तर आठवले की हसू येतंच.

शाळा सुटली, पेन्शन लागली, तरी मास्तर बोईसरहून स्कूटर घेऊन आमच्या एडवणच्या वाडीत यायचे. कशाला? पानवेलीवरच्या अळ्या धरायला! माझाच सुक्या मासळीचा, जवळ्याचा डबा न्यायचे. वयनींनी एकदा जवळा समजून उघडला. आठवतं ना वयनी? काय बोंब मारलीत!

दोन वर्षांमागं त्यांनी वेलींवर बुरशी फवारली. अळी मारणारी. मी म्हटलं, “मास्तर, बुरशीनं अळी कशी मरंल?” तर म्हणाले, “आजी, बुरशी अंगात शिरली की अळी तिला जाळायला आतच आग पेटवते. आपण श्वासात घेतो त्याच हवेची आग. विझवायचं पाणीपण तिच्याच अंगात असतं. ते कमी पडलं की स्वतःचंच घर जळतं. मला ती आग मोजायचीय. आठ दिवस वेलीवर काय मारू नका.”

सहाव्या दिवशी बघते, तर मेलेल्या अळ्यांवर पांढरं कापसासारखं. वेलीला रोग लागला, वाटलं मला. आमच्या वाडीत पांढरं दिसलं की हात मोरचूद-चुन्याकडं जातो. सासूनं शिकवलेलं. मोरचूद म्हणजे औषध थोडंच, असं वाटलं. सगळा वेल त्यानं धुऊन काढला.

मास्तर आले. उरलेल्या अळ्या मजेत पानं खात होत्या.

“आजी, काय मारलंत का?”

“नाय हो मास्तर.”

खोटं बोलले मी, बायांनो. मास्तर रागावणारे नव्हते, तरी बोलले. का? त्यांनी वहीत लिहिलं नि मला वाचून दाखवलं, ‘बुरशी लागू पडली नाही. माझंच चुकलं.’ परत कधी फवारली नाय. माझ्याकडं यायचे, चहा प्यायचे, अळ्यांचं नाव नाय. मी बशी पुढं करायची नि खाली बघायची.

ते पांढरं म्हणजेच बुरशी लागू पडलेली, नि मोरचुदानं मीच ती मारली, हे मला नातीनं आता सांगितलं. मास्तरांनीच तिला कॉलेजात घातलं. कीटकांचं शिकते माझी बाय! पण सांगायला मास्तर कुठं हायत?

वयनी, ती वही नातीला द्या. त्या ओळीखाली ती खरं लिहील, मी सही करीन.

मी दोन वर्षं गप राहिले, ते पाप होतं. आता मास्तरांसाठी सगळे दोन मिनिटं गप उभे राहू या.